तिसरी टाकी

१

रोज सकाळी सहाला गच्चीवर जायचं, जिन्याच्या खोलीच्या छपरावर चढायचं, कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पुसायची, बॅटरी बदलायची, खाली उतरायचं. चार महिने माझा दिवस असाच सुरू होतोय. कॅमेरा लोखंडी अँगलला नटबोल्टनं घट्ट केलेला आहे. तो पश्चिमेकडं तोंड करून उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर दोन मिनिटांनी एक फोटो घेतो. वर्षभराचे फोटो एकापुढं एक जोडले की शहराचं एक वर्ष तास-दीड तासात डोळ्यांपुढून जाईल.

नेदरलँड्समध्ये चार वर्षं मी शहर नियोजन शिकले. तिकडं पाणी शहराबाहेर काढायला माणसं राबतात. परत येताना विमान चिकलठाण्याला उतरत होतं, तेव्हा खिडकीतून खाली पाहिलं आणि मला माझ्या चित्रपटाचा विषय सापडला. पोस्टकार्डावरचं आपलं शहर म्हणजे देवगिरीचा किल्ला आणि मकबऱ्याचे मिनार. वरून दिसतात त्या फक्त टाक्या. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, प्रत्येक गच्चीवर दोन-दोन. हीच आपली खरी आकाशरेषा. ती लोकांना एकदा नीट दाखवली, तर लोक पाण्याबद्दल वेगळ्या आवाजात बोलायला लागतील यावर माझा विश्वास आहे. सायली याला माझं कीर्तन म्हणते.

सायली अजिंठ्याची. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं रंगीत दगडांचं दुकान आहे. ती माझ्या चित्रपटाचा आवाज बघते. माझं निळं जॅकेट ती बिनदिक्कत घालते, गळ्यात हेडफोन अडकवते आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी गंभीरपणे जागा, वेळ आणि टेक नंबर बोलते. आम्ही दोघी मुकुंदवाडीत कारभारीकाकांच्या गच्चीवरच्या खोलीत राहतो. दोन खाटा, एक टेबल. काका आणि आवडामावशी माझ्याच गावचे, देवगाव रंगारीचे. म्हणून भाड्याची बोलणी दोन वाक्यांत संपली आणि मावशींच्या हातच्या भाकरीची सवय लागली.

ही वही सायलीच्या हट्टानं सुरू केलीय. फोटोत दिसतं ते आणि आपण पाहिलं ते वेगळं असतं, असं तिचं म्हणणं. म्हणून दर पाण्याच्या दिवशी लिहायचं.

आमच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी येतं. आधी खालच्या हौदात, मग मोटर लावून वर. मावशी गुडघे धरत गच्चीवर येतात आणि टाकीच्या पोटावर बोटांची पेरं आपटत वर-वर जातात. रिकामी जागा ढब-ढब वाजते, भरलेली मुकी होते. मुका आवाज गळ्यापर्यंत आला की त्या कठड्यावरून ओरडतात, "मोटर बंद." मग झाकण लावायचं आणि त्यावर फुटक्या पाट्याचा तुकडा ठेवायचा. हा तुकडा त्यांनी गावाहून आणलाय. दगडाशिवाय झाकण म्हणजे कडीशिवाय दार, असं त्या म्हणतात.

पुढच्या गच्चीवर शकीलाखालांची युसरा दहावीचं विज्ञान पाठ करत येरझारा घालते. परासरणाच्या व्याख्येत 'पातळ पडद्यातून' या शब्दांपाशी ती रोज अडखळते, आणि तिचा भाऊ जुनेद खालून तिची नक्कल करतो. त्यापलीकडं रामकिसनकाकांचं घर, मग रेल्वेचे रूळ. रामकिसनकाकांचे वडील धोंडिबा आजोबा गुलाबी फेटा बांधून चिमण्यांना ज्वारी टाकतात. "या गं बायांनो, या," म्हणतात. बरोबर सातला ते माझ्या कॅमेऱ्याला हात करतात. आजही केला.

२

विमानतळ जवळ असल्यामुळं आमच्याकडं ड्रोन उडवता येत नाही. दोन महिने चकरा मारल्यावर एका सकाळची, चाळीस मिनिटांची परवानगी मिळाली. जुनेद लग्नांचं शूटिंग करतो, त्याच्याकडं ड्रोनचा रीतसर परवाना आहे.

मला एकच दृश्य हवं होतं. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, टाक्या तळाला गेलेल्या असताना, गल्लीतल्या सगळ्या टाक्यांची झाकणं काढलेली. वर आ वासून बघणारी तोंडं. मी घरोघर जाऊन समजावलं. यादी केली: एकोणीस घरं, अडतीस टाक्या. लोक हसले, पण तयार झाले. तयार नव्हत्या त्या फक्त आवडामावशी.

"भरल्या भांड्याचं तोंड उघडं ठेवू नाय," त्या म्हणाल्या. "रिकाम्याचं तर मुळीच नाय."

मी विचारलं, का. त्यांना कारण सांगता येईना. मग मी बोलत सुटले: धूळ, डास, जुन्या समजुती, एका सकाळीनं काय होतंय, हे तुमच्याच पाण्यासाठी आहे. सायली मागं उभी राहून टाळ वाजवल्याचा हातवारा करत होती. शेवटी मावशींनी पाट्याचा तुकडा स्वतः उचलून बाजूला ठेवला.

"शिकलेली पोर हायेस. तुला नाय म्हणवत नाय."

शूटिंग छान झालं. दहा वाजता मी यादी घेऊन गल्लीभर फिरले आणि झाकणं लावून घेतली. अडतीस झाकणं लागली. तरी रामकिसनकाकांच्या गच्चीवर एक काळी टाकी उघडी राहिली. काका म्हणाले, माझ्या दोन्हीला झाकण आहे, ती भाडेकरूची असेल. भाडेकरू म्हणाला, काकांची असेल. मी यादी करताना चुकले असणार. नवं झाकण आणून देईन, असं कबूल केलं.

मावशींना सांगितलं, एक झाकण कमी पडलं. त्या लसूण सोलत होत्या.

"झाकण कमी नाय पडलं," त्या म्हणाल्या. "टाकी जास्त झाली."

दुपारी जुनेद आणि आम्ही दोघींनी चित्रण पाहिलं. खाली सरकणारी गल्ली, उघडी तोंडं. काहींत वितभर पाणी, त्यात निळं आकाश आणि ड्रोनचा बारका ठिपका. ती काळी टाकी मात्र काठोकाठ भरलेली. जुनेदनं चित्र थांबवलं, मोठं केलं.

"इसमें आसमान किधर गया?" तो म्हणाला.

पाणी होतं. पाण्यावर उजेडही होता. आकाश नव्हतं. मी म्हणाले, कोनाचा फरक असेल.

३

काल पाणी आलं. आज सकाळी आठवड्याचे फोटो बघताना दोन गोष्टी दिसल्या.

पहिली. झाकण नसलेली टाकी आता शकीलाखालांच्या गच्चीवर आहे. कालच्या सात वाजून बावीस मिनिटांच्या फोटोत ती रामकिसनकाकांकडं आहे, चोवीसच्या फोटोत शकीलाखालांकडं. मधे दोन मिनिटं. भरलेली टाकी चार माणसांनाही हलत नाही. शकीलाखालांना विचारलं, तर म्हणाल्या, "हमारी तीनीच थी बेटा, शुरू से." माझ्या यादीत दोन आहेत.

दुसरी गोष्ट. रामकिसनकाकांच्या गच्चीवर जुन्या फोटोंत रोज एक म्हातारा दिसतो. गुलाबी फेट्याचा. ज्वारी फेकतो आणि सातच्या फोटोत थेट कॅमेऱ्याकडं बघून हात करतो. मी त्यांना ओळखत नाही. त्यांच्याकडं कोणी पाहुणे आले असतील. पण चार महिने? कालच्या त्या वेळेनंतर ते नाहीत. चिमण्या मात्र आज कठड्यावर ओळीनं बसून होत्या.

सायलीला विचारलं. तिलाही माहीत नाही.

४

सायलीनं ही वही वाचायला घेतली आणि पहिलं पान माझ्यापुढं धरलं. 'रामकिसनकाकांचे वडील धोंडिबा आजोबा.' अक्षर माझं. 'आजही केला' हे शब्दही माझे. मला त्यातलं काही आठवत नाही. मी डोळे मिटून गुलाबी फेट्याखाली चेहरा आणायचा प्रयत्न केला. फोटोतला येतो. फोटोबाहेरचा येत नाही.

आम्ही रामकिसनकाकांकडं गेलो. त्यांनी चहा टाकला. वडिलांची चौकशी केली, तर म्हणाले, मी चार वर्षांचा असतानाच ते गेले, मला तोंडसुद्धा आठवत नाही. त्यांच्या बायकोनंही मान हलवली. ओसरीवर एक बाज होती, तिच्यावर धुऊन घडी घातलेलं गुलाबी कापड होतं. मी विचारलं, हे कशाला? काकूंनी कापड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, पुसायला होईल.

परतताना सायली म्हणाली, पोलिसात जाऊन काय सांगायचं? कोणी हरवलेलं नाही, अशी तक्रार द्यायची का?

माझं डोकं कारणं शोधत राहिलं. थकवा. कुणीतरी केलेली थट्टा. मी वहीत रंगवलेला एखादा प्रसंग. पण फोटो मी रंगवलेले नव्हते. शेवटी एकच मांडणी सगळ्याला लागू पडली: पाण्याच्या दिवशी त्या टाकीपाशी जो जातो तो राहत नाही, आणि त्याची आठवणही राहत नाही. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. शिकलेल्या मुलीनं लिहावं असं हे वाक्य नाही.

आम्ही नियम ठरवला. दर पाण्याच्या दिवशी दुपारी वही पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायची.

जुनेदला सांगितलं, येत्या पाण्याच्या दिवशी गच्चीला कुलूप घाल. तो हसला. युसराला वाचल्याशिवाय करमत नाही, म्हणाला, तिलाच सांगा. युसरानं सगळं ऐकून घेतलं. आम्ही बोलत असताना तिनं पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं. खाली बसूनच वाचीन, असं तिनं कबूल केलं. मग हसून म्हणाली, "दीदी, तुम्ही परदेशात भुताचा कोर्स केला का?"

हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. ती हसली तेव्हा तिची ओढणी पांढरी होती.

५

वही वाचली. शकीलाखालांना युसरा नावाची मुलगी आहे, असं तीत तीन ठिकाणी आहे.

जुनेदला विचारलं तेव्हा तो ड्रोनची पाती पुसत होता. "मेरे को बहन होती तो घर के बर्तन मैं घिसता क्या?" म्हणाला. मी आग्रह धरला, तेव्हा तो वैतागला. त्याच्या ड्रोनच्या पेटीखाली टेकू म्हणून एक पुस्तक होतं. दहावीचं विज्ञान. आत पेन्सिलीच्या खुणा. त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं.

खालांनी चहा आणला. त्यांनी चार कप ओतले, मग पाचवा हातात घेतला आणि त्याच्याकडं बघत थांबल्या. आम्ही चौघंच होतो: खाला, जुनेद, सायली आणि मी. मी सांगितलं, बरोबर आहे, चारच हवेत. त्यांनी पाचवा रिकामा कप घडवंचीवर पालथा ठेवला, हलक्या हातानं, झोपलेल्याला उठवू नये तसा. "आदत पड़ गई," म्हणाल्या. कसली, ते त्यांना सांगता आलं नाही.

टाकी आता आमच्या गच्चीवर आहे. कॅमेऱ्याच्या बरोबर खाली.

आमच्या घरात पाण्याच्या दिवशी गच्चीवर जाणारं माणूस म्हणजे आवडामावशी.

६

आज सहावा दिवस. परवा पाणी येईल.

मावशींना टाकी दाखवली. तीनच होत्या की पहिल्यापासून, म्हणाल्या. टाकी वाढल्याचं त्यांनीच मला सांगितलं होतं. ते त्यांना आठवत नाही.

सायलीनं आणि मी आत वाकून पाहिलं. पाणी काठोकाठ, स्वच्छ. त्यात आमचे चेहरे दिसले नाहीत. टाकी माझ्या छातीएवढी उंच आहे. जळमटं काढायचा बांबू आत सोडला, तो माझ्या दुप्पट उंचीचा आहे. तळ लागला नाही. सायलीनं माझा हात धरून तो बाहेर काढायला लावला.

मग तिनं टाकीच्या पोटाला चिकटवायचा माईक लावला, नेहमीसारखं गंभीरपणे बोलली, "मुकुंदवाडी, आवडामावशींची गच्ची, सकाळ, टेक एक," आणि बोटाच्या पेरानं ठोकलं. एक हेडफोन तिच्या कानाला, एक माझ्या. आवाज ढब नव्हता आणि मुकाही नव्हता. घराच्या दारावर ठोकल्यासारखा होता. आत खोल्या आहेत, भिंती आहेत, असा.

थोड्या वेळानं, फार लांबून, म्हाताऱ्या गळ्यातून आलं, "या गं बायांनो, या." मग मुलीचा आवाज. कुठली तरी व्याख्या. 'पातळ पडद्यातून' पाशी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आम्ही दोघींनी ते आवाज कधी ऐकलेले नाहीत. वहीत मात्र दोन्ही आहेत.

झाकण मी आणून ठेवलंय, काळं, बरोबर मापाचं. ते आमच्या खोलीत टेबलाखाली आहे. त्यावरून आमचं भांडण झालं. सायली म्हणते, आत्ताच लाव, वर पाटा ठेव. मी म्हणते, आत ते दोघं असताना झाकण कसं लावायचं? बाहेर यायची एखादी वाट असेल तर तीच आपण बंद करू. झाकणं मीच काढायला लावली होती. त्या दोघांना आत ठेवून वर दगड ठेवायला मी परत आलेली नाही. मी बराच वेळ बोलले. या वेळी सायलीनं टाळ वाजवले नाहीत.

"आत माणसं आहेत म्हणून तू झाकण लावत नाहीस," ती म्हणाली. "बाहेर माणसं आहेत म्हणून मी लाव म्हणतेय."

मी ऐकलं नाही.

दुसरा उपाय म्हणून काका-मावशींना दोन दिवस देवगावला नेऊ या, असं सुचवलं. मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या.

"पाण्याच्या दिवशी घर सोडून कोण जातं गं?"

काकांनीही वर्तमानपत्र खाली केलं नाही. आठ दिवसांचं पाणी. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येईना. मग ठरलं: गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली सायलीनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. तिनं जिन्यात, दाराच्या अलीकडं बसायचं, मी खाली हौदापाशी, मावशींजवळ थांबायचं. वर कोणीही जायचं नाही. टाकी वाहिली तर वाहू द्यायची.

७

संकट टळलं. हे आधी लिहिते.

पाणी सव्वासातला आलं. मोटर लावली. मी मावशींजवळ पायरीवर बसून राहिले. त्या मेथी निवडत होत्या, कान वर. थोड्या वेळानं पन्हाळीतून पाणी पडायला लागलं. वाहून जाणारं पाणी मावशींना बघवत नाही. त्या उठल्या, मी त्यांचा हात धरला, त्यांनी माझा झटकला. त्यानंतरचा क्षण मला नीट आठवत नाही. मग वरून आवाज आला, "मोटर बंद," आणि काकांनी बटण दाबलं.

मावशींना विचारलं, वरून कोण ओरडलं. "तूच आसशील," त्या म्हणाल्या. माझी बोटं पुन्हा त्यांच्या मनगटावर होती.

वर गेले. गच्चीचं दार उघडं, किल्ली कुलुपातच, तिला काळा दोरा. टाक्या दोन. आमच्याच, जुन्या. गच्ची ओली. मावशी सुखरूप, काका सुखरूप. मी एकटीनं एवढं निभावलं याचं मलाच नवल वाटलं. कठड्याला टेकून मी रडले.

मग फोटो पाहिले. सात चौतीसच्या फोटोत तिसऱ्या टाकीपाशी एक मुलगी आहे. अंगात माझं निळं जॅकेट, गळ्यात हेडफोन, पेरं टाकीवर टेकलेली. ती वर बघतेय, कॅमेऱ्याकडं; कॅमेऱ्यामागं कोण बसून हे फोटो बघणार आहे ते ठाऊक असल्यासारखी. चेहरा छान आहे. माझ्या ओळखीचा नाही. सात छत्तीसच्या फोटोत ओली गच्ची आणि दोन टाक्या.

मी खोलीत गेले. माझ्या खोलीत दुसरी खाट आहे. तिच्यावर चादर विस्कटलेली, उशीवर खळगा. ही खाट इथं का आहे, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

नियमाप्रमाणं वही काढली. वही मी का सुरू केली, तेही आठवत नव्हतं. मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्याच परिच्छेदाच्या शेवटी एक नाव होतं. तिनं माझ्या बोलण्याला कीर्तन म्हटलं होतं. मला हसू आलं, आणि मग पुढचं वाक्य मोठ्यानं वाचवेना.

सायली. अजिंठ्याची. वडिलांचं दगडांचं दुकान.

टेबलावर एका चिठ्ठीवर दुकानाचा नंबर होता. लावला. गृहस्थ भल्या आवाजाचे. मला दोन मुलगेच आहेत ताई, म्हणाले, लेक नाही. मग विचारलं, का, काय झालं? मी म्हणाले, चुकून लागला. त्यांनी लगेच फोन ठेवला नाही. मीही नाही.

८

तिचा रेकॉर्डर कठड्याच्या आडोशाला पडलेला सापडला, लाल दिवा चालू. म्हणजे कुलूप उघडून ती वर गेली, कारण मावशींनी माझा हात झटकला होता आणि त्या वर पोचण्याआधी कुणीतरी जायला हवं होतं. मी धरून ठेवायला हवं होतं. किंवा त्याआधी, झाकण लावायला हवं होतं.

रेकॉर्डिंग मी आठ दिवस रोज ऐकतेय. आधी पाण्याचा ओघळ. मग बाईचा गंभीर आवाज: "मुकुंदवाडी, आवडामावशींची गच्ची, पाण्याचा दिवस, टेक एक." तीन ठोके. "मोटर बंद" अशी हाक. पाणी थांबतं. मग बराच वेळ काही नाही. मग लांबून चिमण्यांना हाक, आणि पाठांतर. 'पातळ पडद्यातून' पाशी मुलगी अडखळते, आणि त्या बाईचा आवाज तिला पुढचा शब्द सांगतो. मुलगी पुढं जाते. पहिल्यांदाच.

शेवटी तो आवाज माईकच्या अगदी जवळ येतो. "अपेक्षा," माझं नाव घेऊन म्हणतो, "झाकण आण."

एवढंच. घाबरलेला नाही. स्वयंपाकघरातून कुणी काही मागावं तसा.

माझा कॅमेरा पश्चिमेकडं बघतो. आमच्या पूर्वेला काय आहे, ते मी इतक्या महिन्यांत एकदाही टिपलं नाही. पूर्वेला बद्रीनाथ भाऊंचं घर आहे. त्यांची सून सकाळी सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन गच्चीवर लंगोट वाळत घालते. तिच्या दोरीच्या टोकाला, दोन पांढऱ्या टाक्यांशेजारी, एक काळी टाकी आहे. तिला झाकण नाही. मी विचारलं, तर सून म्हणाली, आमच्या तीनच आहेत ताई, लग्न होऊन आले तेव्हापासून.

आज पाण्याचा दिवस आहे. सहा वाजून गेलेत. कॅमेऱ्याची काच पुसली, बॅटरी बदलली. वही टेबलावर उघडी ठेवून जाणार आहे. दुसऱ्या खाटेवरची चादर तशीच आहे.

झाकण घेऊन जिना उतरले, तेव्हा आवडामावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. कुठं निघालीस, विचारलं. बद्रीनाथ भाऊंच्या टाकीला झाकण नाही, म्हणाले. त्या उठून आत गेल्या आणि फुटक्या पाट्याचा तुकडा पदरानं पुसून आणला.

"नुसतं झाकण राहत नाय," म्हणाल्या. "हे बी ने."

त्यांना खाली थांबायला सांगून मी एवढं लिहायला पुन्हा वर आले. झाकण डाव्या काखेत आहे, पाटा टेबलावर. पाटा वाटला होता त्याहून जड आहे. नळाला हवा यायला लागलीय, खाली सूं-सूं ऐकू येतंय. शेजारच्या जिन्यावर सुनेच्या पैंजणांचा आवाज येण्याआधी मला पोचायला हवं.

झाकण लावायचं हे नक्की. वर दगड ठेवायचा की नाही, ते तिथं गेल्यावर, टाकीला कान लावून ठरवीन.